साळवे बाईंची रिकामी मात्रा

बाई गेल्यानंतर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमात एका वक्त्यानं साळवे बाईंना 'चळवळीची माऊली' म्हटलं. दुसऱ्यानं 'ज्येष्ठ कवयित्री' म्हटलं. तिसऱ्यानं बाईंचं नाव घेऊन सुरुवात केली आणि उरलेला सगळा वेळ स्वतःबद्दल सांगितलं. मी मागच्या रांगेत बसून दातओठ खात होते.

बाई माऊली नव्हत्या. एखाद्या पोरानं लाडात येऊन पदर धरला तर "पदर सोड. हात धुतलेस का?" असं विचारायच्या. आणि कवयित्री तर मुळीच नव्हत्या. "मी कविता मोजते, करत नाही. कापड मोजणारा प्रत्येक जण शिंपी असतो का?" हे त्यांचंच वाक्य. माणूस गेलं की त्याला हार घालून दुसरंच कुणीतरी करून टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. मला तिची चीड येते. म्हणून हे लिहिते आहे.

खडकीत दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्सच्या मागे आमची वस्ती. तिच्या तोंडाशीच बाईंचं दोन खोल्यांचं घर. यजमान कारखान्यात होते, ते बरेच आधी गेले. बाईंनी जन्मभर मराठी शिकवलं आणि नोकरीची शेवटची वर्षं आमच्या वस्तीतल्या शाळेत काढली. अंगानं काटकुळ्या, पांढऱ्या सुती साडीला इस्त्री कडक, आणि उजव्या हाताचा अंगठा सतत बोटांच्या पेरांवरून फिरत असायचा. नव्या माणसाला वाटे, जप चाललाय. एकदा बसस्टॉपवर शेजारी उभ्या असलेल्या पेठेतल्या एका बाईंनी कौतुकानं विचारलं, "कुठला जप करता आपण?"

"जप नाही हो," बाई म्हणाल्या, "तुमचं बोलणं मोजतेय. फार मोठं आहे."

त्यांना सगळ्याच गोष्टी मात्रांत ऐकू यायच्या. कुकरची शिट्टी, कंडक्टरची हाक, शेजारच्या बाळाचं रडणं. भंगारवाला हल्ली टेंपोवर कर्णा लावून एकच टेप वाजवत फिरतो, त्याचा मात्र त्यांना राग. "आधीचा भंगारवाला श्वास घ्यायचा. हा घेत नाही. श्वास न घेणाऱ्यावर विश्वास ठेवू नये."

माझी त्यांची ओळख झाली ती पत्रकामुळे. आमची मराठी शाळा बंद करून मुलांना रेल्वेच्या पलीकडच्या मोठ्या शाळेत घालायचा घाट प्रशासनानं घातला होता. त्याला 'समायोजन' असा गोंडस शब्द. मी समितीचं पत्रक लिहिलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, जाळ लिहिलं होतं. दारोदार वाटत बाईंच्या दाराशी आले. त्यांनी उंबऱ्यातच चष्मा लावला आणि पत्रक मोठ्यानं वाचायला घेतलं. चौकटीवर बोटानं ठेका. तिसऱ्या ओळीला ठेका थांबला.

"इथे अडखळले," त्या म्हणाल्या. "लिहिताना तोंडानं म्हणून पाहिलं होतंस?"

"नाही."

"मग लोकांनी का म्हणावं?"

मी म्हटलं, "बाई, हे पत्रक आहे. कविता नाही."

"म्हणून तर. कविता लोक माफ करतात. आत ये, पुढारी."

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी पुढारीच. माझं खरं नाव त्यांनी फार तर दोनदा घेतलं असेल, आणि दोन्ही वेळा रागानं.

शनिवारी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात त्या मुलांना मात्रा शिकवायच्या. निवृत्तीनंतर, फुकट, कुणी न सांगता. मुलांना आधी वाटे, मात्रा म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची ती तिरकी रेघ. बाई सांगत, "ती लिहायची. ही म्हणायची. 'अ' म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढी एक मात्रा. 'आ'ला त्याच्या दुप्पट. झालं. अक्षर केवढं दिसतं ते बघायचं नाही, त्याला वेळ किती लागतो ते बघायचं." मग ज्यानं त्यानं आपलं नाव मोजायचं. रेहान पाच, तनू तीन. यश नावाच्या पोराच्या वाट्याला दोनच मात्रा आल्या तर त्याचा चेहरा पडला. बाई म्हणाल्या, "रडतोस काय? तुला हाक मारली की ती सगळ्यांच्या आधी पोचते." पोरगं आठवडाभर छाती काढून फिरत होतं.

जोडाक्षराचा नियम त्यांचा विशेष लाडका. "'सत्य' म्हणा. 'स' बिचारा एकाच मात्रेचा. पण पुढे 'त्य' येऊन बसला की त्याचा दाब मागे पडतो आणि 'स'ला दोन मात्रांचं ओझं घ्यावं लागतं. जोडायची हौस पुढच्याला, भार मागच्यावर." समायोजनाचा कागद आला तेव्हा त्यांनी तो वाचून माझ्या हातात दिला आणि एवढंच म्हणाल्या, "शाळा जोडतायत. आता मागचा बाक कुणाचा ते बघ."

हे सगळं त्या कुठे शिकल्या, हे मी एकदा विचारलं. त्यांनी सांगितलेली हकीकत ऐकून माझं डोकं फिरलं होतं, अजून फिरतं. तरुणपणी त्या शहरातल्या एका नामांकित शाळेत लागल्या. मराठीच्या विषयवाटपाच्या वेळी मुख्याध्यापिका अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "साळवे, तुम्ही निबंध आणि पत्रलेखन घ्या. वृत्तं नकोत. वृत्तांना उच्चार लागतात." बाईंचे उच्चार कुणी ऐकले नव्हते. आडनाव ऐकलं होतं.

"मग तुम्ही काय केलंत?"

"निबंध घेतला."

"बस?"

"शनिवारचा शेवटचा तास निबंधाचा होता. दार लावून घ्यायचं आणि मुलींना पायांनी ठेका धरायला लावायचं. पाय आपटत आपटत वृत्तं शिकवली वर्षभर. एकदा मुख्याध्यापिका धावत आल्या, 'साळवे, काय चाललंय हे?' मी म्हटलं, 'निबंध चाललाय. विषय, माझी शाळा.'"

मी म्हटलं, "बाई, त्या शाळेचं नाव सांगा. मी लिहिते."

"कशाला? त्या बिचाऱ्या गेल्या."

"शाळा आहे ना अजून!"

"आहे. तिथल्या मुली आज आज्या झाल्यात आणि नातवंडांना पाय आपटून कविता शिकवतात. तुझ्या पत्रकानं यापेक्षा जास्त काय होणार आहे?" मला तेव्हा हे पटलं नाही. आजही सगळं पटलेलं नाही. त्या मुख्याध्यापिकेला कुणीतरी तोंडावर विचारायला हवं होतं.

शाळेच्या लढ्याला मी जी पहिली घोषणा लिहिली ती अशी होती: 'मराठी माध्यमाच्या शाळांचे अन्यायकारक समायोजन तात्काळ रद्द झालेच पाहिजे!' वस्तीतल्या बायका ती घेऊन क्षेत्रीय कार्यालयावर गेल्या. 'अन्यायकारक'पर्यंत सगळ्या एकत्र होत्या, 'समायोजन'ला निम्म्या गळाल्या, आणि 'तात्काळ'ला पोचली ती मी एकटी. बंदोबस्तावरचे पोलीस हसले.

बाईंनी विचारलं, "ही घोषणा आहे की निविदा?"

मग त्यांनी बसून दिली ती घोषणा एवढीच: 'शाळा इथली, इथेच हवी.' पहिला अर्धा भाग म्हणणारीनं म्हणायचा, उरलेला सगळ्यांनी द्यायचा. रोज दुपारी धुणीभांडी उरकून बायका व्हरांड्यात जमायच्या. तनूची आई रेखाताई त्यांतली सगळ्यांत खणखणीत. ती चार घरी पोळ्या करते, आणि हिशेबाला पक्की. तिनं बोटांवर मोजून पाहिलं आणि म्हणाली, "बाई, तुमच्या आठ मात्रा आन आमच्या सातच? आमच्यात एक कमी का?"

बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी तिला आपल्या खुर्चीवर बसवलं. "कमी नाही, रेखा. ती रिकामी ठेवलीय. 'हवी' म्हटल्यावर तिथे श्वास घ्यायचा. मात्रा भरलीच पाहिजे असं नसतं. पण रिकामी असली तरी तिचा वेळ तिला द्यावाच लागतो. तो चोरलात की पुढची ओळ कोसळते."

"आन तुमच्यानंतर आम्ही कधी यायचं?"

"मी 'इथली' म्हणून थांबले की. माझ्या तोंडाकडे बघायचं नाही, विचार करायचा नाही. थांबा ऐकू आला की तुम्ही."

इतकी तालीम झाली की वस्तीला ते अंगवळणी पडलं. नळावर पाणी भरताना बाई गंमत म्हणून मध्येच 'शाळा इथली' म्हणून थांबायच्या, की हातातली कळशी न सोडता चहूकडून उत्तर यायचं. मोर्चे निघाले तेव्हा लहान पोरापासून म्हातारीपर्यंत कुणी गळलं नाही. हसणारे पोलीस हसेनासे झाले. प्रशासनाला सुनावणी द्यावी लागली. ती आम्ही मिळवली होती, कुणी दान दिली नव्हती.

त्याच काळात बाईंचा दम आटत चालला होता. फुप्फुसं कडक होत जाण्याचा आजार. डॉक्टरांनी जिने चढू नका, आवाज चढवू नका असं बजावलं होतं. हडपसरहून त्यांचा मुलगा सिद्धार्थ दर रविवारी यायचा आणि एकच विषय काढायचा.

"आई, तिकडे चल. लिफ्ट आहे, हॉस्पिटल जवळ आहे. इथे काय आहे?"

"सुनावणी आहे," बाई म्हणायच्या.

मी त्यांच्यासाठी भाषण लिहून नेलं. चांगलं चार पानी. त्यांनी ते हातात तोलून परत दिलं. "पुढारी, माझा श्वास आता अर्ध्या ओळीचा राहिलाय. एवढी लांब वाक्यं कोण म्हणणार?"

सुनावणीला दालन भरलेलं. टेबलामागे अधिकारी, समोर खुर्च्यांत आम्ही, मागे भिंतीला लागून वस्तीतल्या बायका. आमचे दोघे-तिघे बोलले, त्यांचं अधिकारी मोबाइल बघत ऐकत होता. मग बाई उठल्या. त्यांनी कागद घेतला नव्हता.

"साहेब, मी त्या शाळेत शिकवलं," त्या म्हणाल्या. थांबल्या. "मागे उभ्या आहेत, त्यातल्या काही तिथे शिकल्या." पुन्हा थांबल्या. "आता त्यांची मुलं शिकतात. पलीकडे जायला रेल्वेचा पूल आहे. पहिलीची मुलं आहेत. आई सकाळी कामाला जाते. हात कोण धरणार?"

अधिकाऱ्यानं मोबाइल खाली ठेवला. मी शपथेवर सांगेन, त्या माणसानं मोबाइल खाली ठेवला आणि पेन हातात घेतलं. सगळ्या लढ्यात असं पहिल्यांदाच घडत होतं.

"तुम्ही म्हणता पटसंख्या कमी. ती का झाली, ते सांगते." त्यांनी टेबलाची कड धरली. "ही शाळा इथली..."

आणि दम संपला. तोंड उघडं होतं, पुढचा शब्द ओठांवर होता, पण वाराच नव्हता.

मागून, भिंतीला लागून उभ्या असलेल्या सगळ्या बायकांच्या तोंडून, एका आवाजात, दालन हादरवून आलं: "इथेच हवी!"

एकही मागे नाही, एकही पुढे नाही. इतकं नेमकं ते कुठल्या मोर्चातही आलं नव्हतं.

अधिकारी खाडकन उभा राहिला. "हे काय चाललंय? मी सौजन्यानं ऐकून घेतोय आणि तुम्ही माझ्या दालनात घोषणा देता?"

"त्यांना धाप लागलीय!" मी ओरडले. "त्या बोलतायत अजून!"

"मग बसवा त्यांना. सुनावणी संपली." त्यानं फाइल मिटली. बाईंनी हात वर केला होता, जरा थांबा म्हणून. तो हात कुणी पाहिला नाही. इतिवृत्तात लिहिलं गेलं, उपस्थितांनी घोषणाबाजी केल्याने सुनावणी आटोपण्यात आली. पटसंख्या का घटली, हे त्या कागदावर कुठेच नाही. मी इथे लिहिते. शिक्षक निवृत्त होत गेले आणि त्यांच्या जागी माणसं दिली नाहीत. एका शिक्षिकेवर दोन-दोन वर्ग टाकले. मुलींचं स्वच्छतागृह नादुरुस्त म्हणून कुलूप लावून ठेवलं. आधी शाळा वाळवायची आणि मग वाळली म्हणून तोडायची. बाई हेच सांगणार होत्या.

बाहेर त्या पायऱ्यांवर बसल्या. रेखाताई समोर येऊन उकिडवी बसली आणि तिचा बांध फुटला.

"बाई, आम्हीच घात केला. आम्हाला वाटलं, तुम्ही थांबलात."

"थांबलेच होते," बाई म्हणाल्या. पुढचं बोलायला त्यांना वेळ लागला. "वेळेवर आलात. कुणी मागे राहिलं नाही."

"पन शाळा गेली ना बाई."

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना असं करताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मी तिथेच पायरीवर पत्रक लिहायला घेतलं. त्या अधिकाऱ्याची सालटी काढायची होती. बाईंनी विचारलं, "काय लिहितेस?"

"जे झालं ते. सगळं."

"लिही. पण बायकांनी गैरसमजानं घोषणा दिली, असं त्यात येता कामा नये."

"बाई, तेच तर खरं आहे! त्यांनी मुद्दाम दिली नाही, हे कळायला नको का लोकांना?"

"उद्या लोक म्हणतील, वस्तीतल्या बायकांना कुठे बोलावं ते कळत नाही, म्हणून शाळा गेली. जन्मभर ऐकावं लागेल त्यांना. पोरांनाही." मग त्यांनी माझं खरं नाव घेतलं. "लिही की साळवे बाईंनी घोषणा दिली. घोषणा माझीच आहे."

मी भांडले. खूप भांडले. पत्रक शेवटी त्यांच्या म्हणण्याप्रमाणे निघालं. त्यावरून काही शहाण्यांनी बाईंना शिव्या घातल्या, म्हातारीनं हातची सुनावणी घालवली म्हणाले. त्यांतले दोघे पुण्यानुमोदनाला माईकवर होते. आज रेखाताईनंच मला सांगितलं, आता लिहा, बाई नाहीत तर खरं ते लिहा, आम्ही ऐकून घेऊ. म्हणून लिहिलं.

उन्हाळ्यात आदेश निघाला. शाळेला कुलूप लागलं. सिद्धार्थ टेंपो ठरवूनच आला.

"आई, आता तरी चल."

"शाळा सुरू होऊ दे, मग येते."

"आई, शाळा बंद झालीय."

"मुलं बंद झालेली नाहीत."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, जणू हे मीच त्यांना पढवलंय. मग टेंपोवाल्याला परत पाठवलं आणि शाळा सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी स्वतःच मुक्कामाला आला.

त्या सकाळी बाई मुलांबरोबर निघाल्या. डॉक्टरांनी मनाई केलेले जिने, तेही रेल्वेच्या पुलाचे. सिद्धार्थ एका बाजूला, मी दुसऱ्या. दर थोड्या पायऱ्यांनी त्या कठड्याला टेकायच्या. पुढची मुलं न सांगता थांबायची, मागची त्यांच्या मागे. घाईत असलेले लोक वैतागून बाजूनं जात होते. खालून एक गाडी धडधडत गेली तेव्हा पहिलीतल्या एका मुलीनं बाईंचा पदर मुठीत घट्ट धरला. बाईंनी तो सोडवला नाही.

पलीकडच्या शाळेचं फाटक मोठं, लोखंडी. रखवालदारानं मुलांना आत सोडलं आणि बाईंना अडवलं.

"आजी, पालकांनी बाहेर. तुमचं कोणतं यातलं?"

बाईंना उत्तर द्यायला श्वास नव्हता. मी तोंड उघडलं, तर त्यांनी मान हलवली. आत गेलेली मुलं थबकून मागे बघत होती. घंटा झाली तरी हलेनात. बाईंनी दम गोळा केला आणि म्हणाल्या, "आत जा. घंटा झाली."

मुलं गेली. रखवालदारानं फाटक लावून घेतलं. सिद्धार्थ म्हणाला, "आई, चल. रिक्षा थांबलीय."

बाई फाटकाचा गज धरून उभ्याच राहिल्या. फाटकाजवळच्याच वर्गाची खिडकी उघडी होती. आत नवे सर हजेरी घेत होते. आधी तिथली जुनी नावं झाली, एकामागून एक, धडाधड. आमच्या वस्तीतली नावं पटावर शेवटी घातलेली होती. सरांना ती नवीन, म्हणून ते अडखळत वाचत होते. प्रत्येक नावानंतरचं 'हजर' बाई डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटच्या मुलीनं इतक्या हळू 'हजर' म्हटलं, की सरांनी नाव पुन्हा घेतलं. ती पुन्हा म्हणाली. या वेळी फाटकापर्यंत आलं.

मग बाईंनी गजावरचा हात काढला आणि रिक्षाकडे वळल्या.